आधी ओळख, मग आश्रय

मराठी भाषेने सरड्याच्या कुळाशी कधी फारसा स्नेह राखलेला नाही. शब्द फिरविणाऱ्या पुढाऱ्याला ती सरडा म्हणते; ज्याची झेप तोकडी, त्याची धाव कुंपणापर्यंत असल्याचे ऐकविते; मनात संशय डोकावला की तेथे पाल चुकचुकते, आणि तीच पाल अंगावर पडली तर त्याचे फळ काय, हे पाहण्यासाठी पंचांगाची पाने उलटली जातात. या साऱ्या कुळात एकट्या घोरपडीला तेवढा सिंहगडाच्या लोककथेने थोडाफार मान मिळवून दिला आहे. ज्या घरात भिंतीवरची पाल दिसताच केरसुणी शोधली जाते, त्याच घरात आता पैसे मोजून, काचेच्या पेटीत बसवून, एखादा परदेशी सरडा आणला जातो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने दाखविला जातो. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत हे दृश्य आता अपूर्वाईचे राहिलेले नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची किळस मुलांच्या मनातून जात असेल, तर ते स्वागतार्हच मानले पाहिजे. प्रश्न निराळा आहे. किळस गेली, पण तिच्या जागी ज्ञान आले काय? की किळशीची जागा केवळ हौसेने घेतली? कारण किळस फार तर प्राण्याला घराबाहेर हाकलते. अजाण हौस त्याला घरात ठेवून, रोज प्रेमाने खाऊ घालून, हळूहळू मारते. हे विधान कठोर वाटेल. परंतु या प्राण्याची शरीररचना ज्याने थोडीशी समजून घेतली आहे, त्याला ते अतिशयोक्तीचे वाटणार नाही.

वीतभर पिल्लू, पाच फुटी सरडा

उदाहरणादाखल हिरवा इग्वाना घ्यावा. परदेशी सरड्यांच्या बाजारात सर्वाधिक परिचित झालेला हा प्राणी मूळचा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण अरण्यांतला. नदीकाठच्या उंच झाडांवर तो राहतो आणि संकट दिसताच फांदीवरून थेट पाण्यात उडी घेतो. दुकानात तो गिऱ्हाइकासमोर येतो तेव्हा जेमतेम वीतभर लांबीचा, पोपटी रंगाचा आणि तळहातावर मावणारा असतो. मुले हरखून जातात, वडील खिशात हात घालतात आणि व्यवहार पाच मिनिटांत उरकतो.

त्या पाच मिनिटांत जे सांगितले जात नाही, ते असे. हे वीतभर पिल्लू नीट वाढले तर तीन-चार वर्षांत शेपटीसह चार ते पाच फुटांचे होते, काही नर तर सहा फुटांच्या आसपास पोचतात. त्याचे वजन चार-पाच किलोपर्यंत जाऊ शकते. योग्य देखभालीत ते पंधरा-वीस वर्षे जगू शकते. म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला सरडा, तो मुलगा पदवीधर होऊन नोकरीला लागला तरी घरात असेल. मोठ्या इग्वानाला निदान सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच पिंजरा लागतो. कारण तो जमिनीवर वावरणारा नसून झाडावर चढणारा प्राणी आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कपाट, दिवाण आणि मुलांचे अभ्यासाचे टेबल यांनंतर एवढी जागा कोठून आणावयाची, याचा हिशेब खरेदीआधी मांडला गेला पाहिजे. तो मांडला गेला नाही की प्राणी पेटीएवढा राहील अशी आशा करण्यावाचून काही हाती उरत नाही. पेटी लहान ठेवल्याने सरडा लहान राहतो, ही समजूत मात्र सर्वस्वी खोटी आहे. तो खुरटला तर तो आजारी असतो, एवढाच त्याचा अर्थ.

उन्हाची भूक

सरडा हा थंड रक्ताचा प्राणी, हे शालेय पुस्तकातले वाक्य सर्वांना पाठ असते. त्याचा अर्थ मात्र पिंजऱ्याजवळ उभे राहिल्यावरच कळतो. कुत्रा किंवा मांजर खाल्लेल्या अन्नातून आपल्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करते. सरड्याला ती बाहेरून घ्यावी लागते. ऊन मिळाले नाही तर त्याची हालचालच नव्हे, पचनसुद्धा थांबते. इग्वाना पूर्णपणे पाल्यावर जगणारा आहे. खाल्लेला पाला त्याच्या मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीव कुजवितात आणि त्यातून त्याचे पोषण होते. रानात नुकतीच जन्मलेली पिल्ले मोठ्या इग्वानांची विष्ठा खाऊन हे सूक्ष्म जीव मिळवितात, इतकी ही व्यवस्था नाजूक आहे. या सूक्ष्म जीवांनाही ऊब हवी. म्हणून पोट भरलेला इग्वाना थंड पेटीत उपाशी मरू शकतो.

अशा प्राण्याला एकसारखी गरम खोली देऊनही भागत नाही. त्याच्या घराचे एक टोक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले आणि दुसरे टोक २६-२७ अंशांचे हवे. कोठे आणि किती वेळ बसावयाचे, हे तो स्वतः ठरवितो. रानात ऊन-सावलीची ही निवड त्याला सहज मिळते. पिंजऱ्यात ती माणसाने दिव्यांच्या साह्याने निर्माण करावी लागते. पुण्या-नाशिकची डिसेंबरातली पहाट या प्राण्याला मानवणारी नाही, आणि ज्या गावात भारनियमन आहे तेथे दिवा विझल्यावर काय, याचेही उत्तर आधीच तयार असावे लागते.

ऊब ही झाली अर्धी गरज. उरलेली अर्धी उन्हातल्या अतिनील किरणांची. हे किरण कातडीवर पडले म्हणजे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि ते असले तरच अन्नातले कॅल्शियम हाडांपर्यंत पोचते. येथेच सुशिक्षित घरांचीही हमखास फसगत होते. पेटी खिडकीपाशी ठेवली, काचेतून ऊन आत येते, म्हणजे काम झाले असे वाटते. वस्तुतः साधी काच नेमके हेच किरण अडविते. उजेड आत येतो, उष्णता आत येते. ज्याची गरज असते ते तेवढे बाहेर राहते. शिवाय बंद काचपेटी भर उन्हात भट्टीसारखी तापते आणि आतला प्राणी तासाभरातही दगावू शकतो. यासाठी विशिष्ट प्रकारच्या नळ्या मिळतात. पण त्यांचा उजेड दिसत राहिला तरी त्यांतील अतिनील किरण काही महिन्यांत क्षीण होतात. म्हणून त्या पेटत असतानाच बदलाव्या लागतात. जळणारा दिवा काढून टाकणे काटकसरीच्या संसाराला पटत नाही, आणि ती काटकसर सरड्याच्या हाडांतून वसूल होते.

जबडा सुजतो, मऊ पडतो, पाय वाकतात, बोटे थरथरतात, एखादे दिवशी उडी मारताना मांडीचे हाड मोडते. कैदेतल्या सरड्यांत सर्रास आढळणारा हा अस्थिविकार एका रात्रीत होत नाही. तो महिनोन्‌महिने वाढत असतो आणि त्या अवधीत घरातील माणसे सुजलेले पाय पाहून ‘बाळसे धरले’ म्हणून समाधान मानीत असतात.

आहाराचेही तसेच. हिरवी भाजी म्हणून पालक रोज घातला जातो. पण पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. तेव्हा तो क्वचितच द्यावा. त्याऐवजी आपल्या परसातच मिळणारी जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, शेवग्याचा पाला, जोडीला किसलेला लाल भोपळा हे सारे उपयोगी पडते. पाल्यावर औषधाची फवारणी झालेली नसावी, एवढे मात्र पाहिले पाहिजे. भात, पोळी, दूध यांचा त्याला काहीही उपयोग नाही. अंडी, मांस अथवा कुत्र्याचे खाणे घातल्यास तो काही काळ झपाट्याने वाढल्यासारखा दिसतो; परंतु त्याच्या मूत्रपिंडांवर पडणारा ताण पुढे जिवावर बेततो.

ओळख कशी व्हावी?

एवढी व्यवस्था झाली म्हणजे प्राणी घरात आणावा. आणि आणल्यावर पहिली गोष्ट करावी ती म्हणजे काहीही न करणे. नव्या घरात आलेल्या इग्वानाला पहिले एक-दोन आठवडे शांतपणे राहू द्यावे. त्याला रोज ठरल्या वेळी पाला द्यावा, पाणी बदलावे, पिंजरा स्वच्छ ठेवावा आणि हात मागे घ्यावा. नेमक्या याच दिवसांत घरी पाहुण्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाला तो हातात घेऊन पाहावयाचा असतो, हे दुर्दैव.

त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसतो. तो त्याचा तिसरा डोळा आहे. त्याला चित्र दिसत नाही, परंतु उजेड आणि सावली यांतला फरक कळतो. वरून सावली आली की रानातल्या इग्वानाला एकच अर्थ ठाऊक असतो, तो म्हणजे ससाणा. प्रेमाने का होईना, पण वरून झडप घालणारा हात त्याच्या लेखी ससाणाच असतो. म्हणून हात नेहमी बाजूने, त्याला दिसेल असा, सावकाश न्यावा. शेपटी धरून तर त्याला कधीच उचलू नये. ती तुटून हातात येऊ शकते.

त्याची भाषा शिकावी लागते. तो मान वरखाली हलवितो तेव्हा नमस्कार करीत नसतो. ही जागा आपली आहे, असे बजावीत असतो. गळ्याखालची झालर ताणून, अंग चपटे करून तो आडवा उभा राहिला की पुढे शेपटीचा फटका बसणार, हे ओळखावे. रंग काळपट पडला तर त्याला थंडी वाजत असावी किंवा तो भ्यालेला असावा. तो शिंकतो आणि नाकाभोवती पांढरी पूड जमते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. शरीरातले जादा क्षार तो त्या वाटे टाकून देतो. पण सर्वांत मोठा गैरसमज डोळ्यांचा आहे. कुरवाळताना इग्वाना डोळे मिटून घेतो आणि पाहणारे म्हणतात, ‘पाहा, किती सुखावला आहे!’ पुष्कळदा ते सुख नसते. पळता येत नाही, म्हणून समोरचे जग त्याने डोळ्यांआड केलेले असते.

ही एकच गोष्ट नीट समजली तरी सरडा पाळण्याविषयीचा सारा दृष्टिकोन बदलेल. कुत्र्याच्या बाबतीत माणसाला समजुतीची चूक परवडते, कारण हजारो वर्षांच्या सहवासाने कुत्रा माणसाला समजून घेण्यात तरबेज झाला आहे. सरड्याने तसा काही करार केलेला नाही. तो सरावतो, माणसाला ओळखू लागतो, पाला घेऊन येणारा हात आणि अनोळखी हात यांत फरक करतो. याहून अधिक काही त्याच्याकडून मागू नये. येथे समजून घेण्याचे संपूर्ण काम एकाच बाजूला करावयाचे असते आणि त्याच्या मोबदल्यात शेपूट हलणार नसते. मोबदल्याविना लक्ष देण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने दुसरा प्राणी निवडावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

माणसाच्या आरोग्याचा विचारही येथेच केलेला बरा. निरोगी दिसणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यातही साल्मोनेला जंतू असू शकतात. छोट्या कासवांमुळे मुलांना होणाऱ्या या आजाराला आळा घालण्यासाठी अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. सरड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, त्याची भांडी स्वयंपाकघरात न नेणे आणि पाच वर्षांखालील मुले व वृद्ध यांना त्याच्यापासून दूर ठेवणे एवढे पथ्य पाळले तर धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो

कायद्याबद्दलचे अज्ञान हौसेइतकेच व्यापक आहे. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, बाळगणे वा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. ‘हत्ताजोडी’ या नावाची दैवी मुळी म्हणून जी वस्तू भोळ्याभाबड्यांना विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते, हेही येथे सांगून ठेवणे अवश्य आहे.

परदेशी सरड्यांना बराच काळ या कायद्याचा स्पर्श नव्हता. त्यामुळे ‘परदेशी आहे, म्हणजे चालतो’ हे दुकानदाराचे उत्तर सर्वांना पुरत असे. ते दिवस आता संपले आहेत. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्याची संधी दिली. २०२२ साली मूळ अधिनियमात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम प्रसिद्ध झाले. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी जवळ असल्यास त्याची नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करणे आता बंधनकारक आहे. हिरवा इग्वाना या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तो नव्याने घेतल्यास तीस दिवसांत नोंदणी करावी लागते; पुढे त्याचे हस्तांतर, जन्म, मृत्यू हेही कळवावे लागतात. प्राणी विकणाऱ्या दुकानांनाही २०१८च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. तेव्हा कागदपत्रांविना प्राणी विकणारा दुकानदार गिऱ्हाइकाला स्वस्तात सरडा देत नसतो, तर आपला गुन्हा त्याच्या घरी पोचवीत असतो.

सोडून देणे म्हणजे सुटका नव्हे

मग एक दिवस सरडा आवरेनासा होतो. वयात आलेला नर विणीच्या हंगामात नारिंगी छटा धारण करतो आणि ज्याच्या हातून कालपर्यंत जास्वंद खात होता त्याच्याच अंगावर धावून जातो. घरात बोलाचाली होतात आणि कोणी तरी सुचवितो, ‘नेऊन सोडून द्या बिचाऱ्याला एखाद्या झाडीत.’ या वाक्यात दया आहे, पण विचार नाही.

फ्लॉरिडात नेमके हेच घडले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत एकेका वर्षात सुमारे दहा लाख इग्वाना आयात होत होते. त्यांतले कित्येक सोडले गेले, कित्येक निसटले आणि तेथल्या उष्ण किनाऱ्यावर त्यांची प्रजा वाढली. हे इग्वाना कालव्यांच्या काठांना आणि बांधांना बिळे पाडून ते पोखरतात, बागा फस्त करतात. जानेवारी २०१०च्या थंडीच्या लाटेत ते गारठून झाडांवरून टपाटप खाली पडले, तरी त्यांचा वंश टिकून राहिला. अखेर २०२१ साली त्या राज्याने इग्वानाची गणना निषिद्ध प्राण्यांत केली. ही गोष्ट दूरदेशीची म्हणून सोडून देता येणार नाही. थायलंडमध्येही लोपबुरी प्रांतात मोकाट वाढलेल्या इग्वानांना पकडण्याची मोहीम नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथल्या सरकारला काढावी लागली. कोकणची उबदार, दमट, हिरवीगार किनारपट्टी या प्राण्याला परकी वाटेल असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट, देशावरच्या एखाद्या टेकडीवर सोडलेला इग्वाना हिवाळ्यात गारठून मरेल, हीही शक्यता तितकीच खरी. पहिल्या प्रसंगी निसर्गाचा बळी, दुसऱ्या प्रसंगी प्राण्याचा. सुटका मात्र फक्त मालकाची होते.

वर्गातली पाल

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्या तर कोणीच सरडा पाळणार नाही. तसे झाले तर बिघडणार काय? ज्यांच्याकडे जागा आहे, सवड आहे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार जाणणारा पशुवैद्य ज्यांच्या गावात आहे, असे थोडे लोक हे काम उत्तम रीतीने करतात. त्यांनी ते जरूर करावे. ज्यांच्या घरी इग्वाना आधीच येऊन राहिला आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा आज नवी नळी बसवावी, पालक बंद करावा आणि त्याला एकदा डॉक्टरांना दाखवून आणावे. पशुवैद्यक महाविद्यालयांनी अशा प्राण्यांच्या उपचारांना अभ्यासक्रमात अधिक वाव द्यावा. प्राण्याची पूर्ण वाढ, आयुर्मान, आहार व कायदेशीर जबाबदारी सांगणारे एक पानी मराठी पत्रक प्रत्येक विक्रीबरोबर देणे दुकानांना सक्तीचे करावे. ते पत्रक वाचून दहांतील आठ गिऱ्हाइके परत फिरली, तर पत्रकाचे सार्थक झाले असेच म्हणावे लागेल.

आणि ज्या मुलाला खरोखरच सरडा जाणून घ्यावयाचा आहे, त्याच्यासाठी शिक्षकांना दुकानाचा रस्ता धरण्याची गरज नाही. वर्गातल्या नळीदिव्यामागे राहणारी पाल हा फुकट मिळालेला धडा आहे. बोटांवरच्या अतिसूक्ष्म केसांच्या जोरावर ती छतावर उलटी कशी चालते. पापण्या नाहीत म्हणून जिभेने डोळे कशी पुसते. तुटलेली शेपटी शत्रूपुढे वळवळत ठेवून स्वतः कशी निसटते. फटीत दोनच पांढरी अंडी कशी घालते. रोज रात्री किती किडे टिपते: महिनाभर वहीत नोंदी ठेवल्या तर जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही इतके त्या मुलाला समजेल. तिला पिंजरा नको, नळी नको, नोंदणीही नको. केरसुणी तेवढी बाजूला ठेवली की पुरे.

त्या महिनाभरात ज्याचा उत्साह ओसरला, त्याच्यासाठी इग्वाना नाही, हे घरच्यांना वेळीच समजेल. ज्याचा ओसरला नाही, त्याने पुढची दोन वर्षे वाचावे, विचारावे, प्राणी सांभाळणाऱ्या जाणत्यांकडे जाऊन पाहावे, पिंजरा आधी बांधावा. सरडा त्यानंतर यावा. पंधरा वर्षांच्या सोबतीसाठी दोन वर्षांची तयारी ही काही फार मोठी किंमत नव्हे.